ईस्टर बेटाची दैनंदिनी : लेखांक दुसरा

सोमवार
सांतियागोहून विमान तीन तास उशिरा सुटले. प्रवास साडेपाच तासांचा. एक पेटी आलीच नाही. खर्च : मोटार ७,००० पेसो, कॉफी ३,०००, ट्यूना मासा भरलेली मोठी करंजी (इकडे एम्पानादा) ४,५००.

मंगळवार
पहाटे तीनपासून कोंबडे. पाऊस. जोडे भिजले. पेटी नाही.

बुधवार
कोंबडे. पेटी नाही. ओहोटीला हांगा रोआच्या धक्क्याशेजारच्या खडकांत उतरलो. १८८८ पासून या बेटावर अंमल चिलीचा, दफ्तराची भाषा आणि पीठमीठ सुमारे ३,५०० किलोमीटरवरच्या त्याच किनाऱ्यावरून येणार, तेव्हा सांतियागोच्या मंडईत पाहिलेल्या, चामड्याच्या वादीसारख्या चिवट कोचायुयो शेवाळाच्या जुड्यांचे मूळही येथे दिसेल, असा माझा भाबडा हिशेब होता. परंतु खाचेखाचेत डुलत होते ते सार्गासम, ज्याचे गणगोत आमच्या रत्नागिरी-मालवणच्या खडकांवरही नांदते. चिलीच्या किनाऱ्यालगत थंड हम्बोल्ट प्रवाह वाहतो, त्या पाण्यावर पोसलेली ती प्रचंड शेवाळे या कोमट समुद्रात तग धरीत नाहीत. बेट ज्वालामुखीतून उपजलेले, कोणत्याही मुलखाला कधी न जोडलेले, त्यामुळे येथील समस्त शेवाळकुळाचे पूर्वज उपरेच. बहुतेकांचे भाऊबंद उष्ण समुद्रांत दूरवर पसरलेले, तर काही जाती येथे राहून इतक्या पालटल्या की त्या आता अन्यत्र आढळत नाहीत.

जाळे सांधीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याला कोचायुयोविषयी विचारले. “ते कोंतिनेन्तेचे,” तो मुख्य भूमीच्या दिशेने मान हलवून तुच्छतेने म्हणाला, “इकडचे ते आउके.” मग त्याने लिंबू पिळलेल्या कच्च्या ट्यूनाच्या फोडी आणि उकडलेले रताळे पुढे केले. रताळे मूळचे अमेरिकेचे, हे त्याला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. इतके रुचकर जेवण सांतियागोत एकदाही मिळाले नव्हते. त्याने पैसे घेतले नाहीत.

गुरुवार
पाऊस. जोडे ओलेच. खर्च : पाव, चीज, मेणबत्त्या, ९,२०० पेसो. लूट आहे.

शुक्रवार
पेटी आली. कुलूप तुटलेले. आत ब्यॉर्गेसन यांच्या १९२४ च्या निबंधाची नक्कल होती : स्कॉट्सबर्ग यांनी १९१७ साली या बेटावर गोळा केलेल्या शेवाळांचा तो अभ्यास. ब्यॉर्गेसन या डॅनिश गृहस्थांनीच पुढे मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील शेवाळांवरही लिहिले. पाने एकमेकांना चिकटली आहेत. ऊन पडले की सोडवीन.