मुशीची नाळ

मासे अंडी घालतात, हे आमच्या नाटे गावातल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच ठाऊक असतं. तळलेली गाबोळी ताटात आलेली असते ना! म्हणून आजीने विळीवर मुशी, म्हणजे शार्क, चिरली आणि तिच्या पोटातून बोटाएवढी, डोळे-कल्ले सगळं असलेली पिल्लं निघाली, तेव्हा मी हबकलेच. “ही अंडी नाय घालीत, गायीसारखी विते,” आजी म्हणाली.

पुढे पुस्तकात वाटणी भेटली : सस्तन प्राणी पिल्लं देतात, बाकीचे अंडी. आमच्या कातळावर ती टिकत नाही. नाग, धामण अंडी घालतात. घोणस आणि फुरसं पिल्लंच देतात. समुद्रातली कासवीण अंड्यांसाठी वेत्ये गावच्या वाळूवर चढते, तर जाळ्यात येणारे समुद्रसाप पाण्यातच वितात. पाकटही तशीच. आणि बेडकाचं नातलग असलेलं, बिनपायांचं देवगांडूळ! आपल्याच जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून २००३ साली त्याची एक नवी जात नोंदली गेली. ती पिल्लं देते, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. आशियातल्या उभयचरांत अशी ही पहिलीच नोंद. तिचा मला फार अभिमान वाटतो.

माझ्या बाळंतपणात आईने मुशीचं कालवण केलं. दूध वाढतं, या समजुतीने किनाऱ्यावर बाळंतिणीला ते देतातच. त्याच सुमारास वाचलं, की आपल्या बाजारातल्या लहान मुशीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं असतं. त्यात बलक तो किती असणार? मग पिल्लू नाळेने आईच्या गर्भाशयाशी जोडलं जातं, तिच्याकडूनच पोसलं जातं आणि जन्मतं ते पोहतच. माझ्या लेकीची नाळ पडून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मुशी मला एकदम घरातली वाटली.

बांगड्याची मादी हजारो अंडी पाण्यात सोडते. त्यातली बहुतेक गेली तरी वंश चालतो. या लहान मुशीला एका वेळी साधारण सहा ते अठरा पिल्लं. मोठ्या मुशींचं तर वयात येणंच कित्येक वर्षांचं. भरल्या पोटाची मादी ओढली, की तिची पुढची पिढीही लिलावात जाते.

खलाशी भावांनो, गाभण मुशी जाळ्यात जिवंत दिसली तर तिला परत पाण्यात सोडा. आणि बायांनो, टोपलीत वीतभरही नसलेली मुशीची पिल्लं असतील, तर ती घेऊ नका.