ईडीचे तीन उच्चार

फळ्यावर ‘ईडी’ ही दोन अक्षरं लिहिली की हल्ली वर्गात आधी हशा पिकतो. तो ओसरला की मी शिकवायला लागते. सांगलीत मी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते आणि समोर बहुतेक सिस्टर असतात: मिरज-सांगलीच्या दवाखान्यांत रात्रपाळ्या करणाऱ्या, परदेशी नोकरीसाठी ओईटी नाहीतर आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊ पाहणाऱ्या. त्यांचं व्याकरण चोख असतं. क्रियापदांची तीन तीन रूपं शाळेत घोकून झालेली असतात. गंमत अशी, की ‘गो-वेन्ट-गॉन’ कुणाचं चुकत नाही. चुकतं ते सरळ, नियमात चालणारं, भूतकाळात नुसतं ‘ईडी’ लागणारं क्रियापद. ‘आय चेकेड हिज बीपी, ही कॉफेड ऑल नाइट, वुई वॉशेड द वूंड.’

याचा दोष जिभेला देणाऱ्यांशी माझं पटत नाही. आपली जीभ तयार आहे; घोटाळा डोळ्यांनी केलाय. जे शब्द कानावाटे मराठीत आले ते बरेचसे नीट आले. ‘कर्नल’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘र’ औषधालाही नाही, तरी आपण बिनचूक ‘कर्नल’ म्हणतो. ‘कॅप्टन’चं स्पेलिंग ‘टेन’ असं संपतं, पण कुणी ‘कॅप्टेन’ म्हणत नाही. ‘मसाज’चंही तेच. उलट पुस्तकातून आलेल्या ‘माउंटेन’, ‘व्हिलेज’, ‘सर्टिफिकेट’ या शब्दांचे शेवट आपण अक्षर लावून वाचले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. ती वाक्यरचना पक्की करणारी पुस्तकं होती. कानाची सोय पुस्तकात कशी असणार?

तर ‘ईडी’. इंग्रजी पाठ्यपुस्तकं सांगतात, गळ्यावर हात ठेवा, कंप लागतो का बघा. वर्गभर बायका गळा धरून बसतात आणि कुणालाच काही धड कळत नाही. मी ते सोडून दिलं आणि मराठी व्याकरणातली कठोर आणि मृदू व्यंजनं काढली. वर्णमालेच्या प्रत्येक वर्गातली पहिली दोन कठोर, पुढची दोन मृदू, हे सगळ्यांनी शाळेत शिकलेलं असतं. श आणि स कठोरांत. अनुनासिकं, य-र-ल-व आणि सगळे स्वर मृदूंच्या पंगतीत. मग नियम दोन ओळींत बसतो. मूळ क्रियापद कठोर ध्वनीवर संपलं तर ‘ट’: चेक्ट, स्टॉप्ट, वॉश्ट, ड्रेस्ट. मृदूवर संपलं तर ‘ड’: क्लीन्ड, चेंज्ड, स्वॉलोड. अपवाद एवढाच, की शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तर दोन सारखे ध्वनी एकमेकांना चिकटतील, म्हणून मध्ये स्वर येतो: व्हॉमिटिड, फेंटिड, नीडिड. पूर्ण ‘एड’ ऐकू यावा असा उच्चार फक्त या तिसऱ्या गटात, आणि तिथेही तो ‘इड’च्या जवळचा.

मात्र निर्णय ध्वनीवर घ्यायचा, अक्षरावर नाही. ‘कॉफ’च्या शेवटी लिहिताना जी-एच असतं, कानाला ‘फ’ लागतो, म्हणून कॉफ्ट. ‘इन्क्रीज’ हे क्रियापद लिहिताना ‘ई’वर संपतं, पण बोलताना ‘स’वर; म्हणून इन्क्रीस्ट. सिस्टरांना हे एकदा उमगलं की त्या स्वतःच वॉर्डातले शब्द गटांत लावू लागतात. ‘मॅडम, ॲडमिट तिसऱ्या गटात ना? आणि डिस्चार्ज?’ डिस्चार्ज ‘ज’वर संपतो, मृदू, डिस्चार्ज्ड.

हा शेजारधर्म मराठीला नवा नाही. वाक् आणि देवी जवळ आले की ‘वाग्देवी’ होते, जगत् आणि ईश मिळून ‘जगदीश’. ‘एकदा’ आपण भरभर बोलताना ‘एग्दा’ म्हणतोच. फरक दिशेचा. आपल्याकडे मागून येणारा ध्वनी पुढच्याला मृदू करतो. इंग्रजीच्या ‘ईडी’त आधी बसलेला ध्वनी नंतर आलेल्याला आपल्यासारखा करून घेतो.

खरी अडचण पुढे आहे. ‘आस्क्ट’ म्हणताना स, क, ट अशी तीन व्यंजनं ओळीने येतात आणि शब्द तिथेच संपतो. मराठीत जोडाक्षर शेवटी आलं की आपण त्यावर हलकासा ‘अ’ टेकवतो: शब्द, मित्र, वस्त्र. तीच सवय इंग्रजीत उतरते. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे, पण तो चालतो. शब्द सुटा म्हणायचाच नाही. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर शेवटचा ध्वनी त्याला देऊन टाकायचा. ‘पिक्ट इट अप’ असं तुकड्यांत न म्हणता ‘पिक्-टि-टप’. ‘चेक्-टिट’. व्यंजनांचा ढीग फुटतो आणि बोलणंही वाहतं होतं. ‘आस्क्ट’मधला ‘क’ तर अनेक इंग्रज स्वतःच गाळतात, त्यामुळे तिथे फार छळ मांडायचं कारण नाही.

एक इशारा मात्र देते. ‘चेकेड चूक’ असं कळल्यावर काहीजणी घाबरून शेवटच गिळतात आणि नुसतं ‘चेक’ म्हणतात. हे जास्त वाईट. ‘चेकेड’ कानाला खटकतो, पण काम झालंय हे ऐकणाऱ्याला समजतं. पाळी बदलताना ‘वुई स्टॉप्ट द इन्सुलिन’च्या जागी ‘वुई स्टॉप द इन्सुलिन’ गेलं, तर इन्सुलिन बंद केलंय की करायचंय? दोन्हींतून एक निवडायची वेळ आली तर मी खुशाल ‘स्टॉपेड’ म्हणू देईन.

बहुवचनाचा ‘एस’ याच तत्त्वावर चालतो, फक्त मृदूनंतर त्याचा ‘झेड’ होतो. तो लिहून दाखवायला मराठीत वेगळं अक्षर नाही, पण ध्वनी जवळपास आपल्या तोंडात आहे: ‘जीवन’मधला नव्हे, ‘मजा’मधला ज. ‘बेड्स’ नको, शेवटी ‘मजा’चा ज लावून ‘बेड्ज’.

‘एज’वर संपणाऱ्या शब्दांबद्दल माझं मत जरा हट्टी आहे. इंग्रजीत बोलताना बँडिज, डॅमिज, कॉलिज म्हणा. पण मराठी वाक्यात ‘कॉलेज’च हवं, तो शब्द केव्हाच आपला झालाय. ‘आमच्या कॉलिजच्या गॅदरिंगला’ म्हणणारा माणूस मला सोसत नाही.

आणि ‘हेल्पेड’ म्हणणाऱ्याला हसणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. पूर्वी इंग्रज लोकही हा ‘एड’ पूर्ण म्हणत. पुढे त्यातला स्वर झिजत गेला. ‘गलिव्हर’वाल्या जोनाथन स्विफ्टने 1712मध्ये इंग्रजी सुधारण्यासाठी एक जाहीर प्रस्ताव लिहिला. कवींनी वृत्तासाठी ‘डिस्टर्ब्ड’, ‘रिब्यूक्ड’सारख्या शब्दांतला स्वर खाल्ला आणि ती खोड गद्यातही शिरली, अशी तक्रार त्यात आहे. म्हणजे आज जे शुद्ध, ते त्याला रानटी वाटत होतं. जुन्या उच्चाराचे काही अवशेष अजून टिकून आहेत: विकिड, नेकिड, विद्वान या अर्थाचा लर्निड. सिस्टरांच्या कामाचा त्यातला एक आहे. ‘अ पेशंट एज्ड सिक्स्टी’ म्हणताना एज्ड, पण वृद्ध पेशंटला ‘ॲन एजिड पेशंट’.

हे सगळं इतक्या उशिरा, नोकरीला लागल्यावर शिकायची वेळ यायला नको. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे शिक्षकांना एक विनंती. क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता पाठ करून घ्यायच्या आधी तो मुलांना मोठ्याने ऐकवा, आणि प्रत्येक ‘ईडी’समोर देवनागरीत ट, ड किंवा इड लिहून ठेवा.