निळं रॉकेल

2003 चा पावसाळा सरत आला होता. मावळात भात पोटरीवर आलं होतं आणि आमचा ट्रक खंडाळ्याच्या घाटात दम टाकू लागला होता.

ट्रक म्हणजे टाटाची जुनी 1210, सहा सिलिंडरची, सेकंडहँड घेतलेली. अब्बांनी अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या गाड्या चालवून ही एक स्वतःची केली. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि गाडी आम्हा दोघा भावांकडे आली. मोठा चालवायचा, धाकटा क्लीनरचं काम करायचा आणि हिशोबाची वही लिहायचा. अब्बा कामशेतला जुन्या हायवेच्या कडेला खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून तिचा आजार सांगत.

आमच्या गाडीचा आजार मात्र त्यांना आम्ही सांगितलाच नव्हता. सकाळी गार असताना ती पहिल्या सेल्फला सुरू व्हायची. पण पनवेलहून माल भरून घाट चढलो, लोणावळ्याला चहासाठी बंद केली की पुन्हा सुरू व्हायचं नाव नाही. तासभर थांबायचं, बॉनेट उघडं ठेवायचं, मग कुठं ती खोकत उठायची. घाटात तर सायकलवाला पुढं जाईल अशी चाल.

चार दिवसांवर बंगळूरची फेरी होती. तळेगावच्या एका कारखान्याचा माल होता, जायचं यायचं दोन्हीकडचं भाडं ठरलेलं. कात्रज, खंबाटकी, मग सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी. वाट साडेआठशे किलोमीटरच्या घरातली, आणि सुवर्ण चतुष्कोनाच्या कामामुळे जागोजागी खणलेली. शिवाय त्या फेरीचे पैसे कुठं जायचे तेही ठरलं होतं. अम्मीच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात अब्बांच्या हजचे पैसे साठत होते.

आम्ही आधी सोपे इलाज केले. डिझेलच्या लायनीत हवा शिरली असेल म्हणून फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, हाताच्या पंपानं बुडबुडे बंद होईपर्यंत डिझेल ओढलं, मग नोझलच्या नळ्या ढिल्या करून सेल्फ मारला. फिल्टर बदलला. फीड पंपाची जाळी धुतली. तांब्याचे वॉशर नवे टाकले. गाडी गार असताना सुरू झाली, गरम झाल्यावर पुन्हा तेच. शेवटी अब्बाच काठी टेकत आले. त्यांनी गाडी गरम करायला लावली, बंद करायला लावली, पुन्हा सेल्फ मारायला लावला. मग पंपावर ओलं फडकं टाकून थांबायला सांगितलं. थोड्या वेळानं गाडी सुरू झाली. अब्बा म्हणाले, "हवा नाही. पंप गेलाय. काढा."

दुसऱ्या दिवशी खुणा करून पंप उतरवला, गोणपाटात गुंडाळला आणि लोकलनं पिंपरीला नेला. अब्बा नको म्हणत असतानाही बरोबर आले. पंपाचे मिस्त्री त्यांच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी पंप टेस्टिंगच्या मशीनवर चढवला. त्या मशीनला समोर काचेच्या सहा नळ्या असतात, एकेका सिलिंडरला एक. पंप फिरू लागला की प्रत्येक नळीत किती डिझेल पडतं ते दिसतं. पंप चांगला असेल तर सहाही नळ्यांत एकाच रेषेला डिझेल उभं राहतं. आमच्या पंपाचं तीन नळ्यांत निम्म्यावर, दोनांत त्याच्या थोडं वर, आणि एकीत तळाला.

मिस्त्रींनी पंप उघडला. आतला प्लंजर आणि त्याचं बॅरल यांना ते एलिमेंट म्हणतात. ही जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असते, एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. दोघांतली फट मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाची, म्हणजे माणसाच्या केसाच्या विसाव्या हिश्श्याइतकी. तेवढ्या फटीच्या जोरावर तो डिझेलला दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास दाब देतो, तेव्हा कुठं नोझल उघडतं. आणि त्या जागी वंगण म्हणून दुसरं कुठलं ऑइल जात नाही. डिझेलच त्याचं वंगण.

मिस्त्रींनी एक प्लंजर उजेडात धरला. त्यावर उभे ओरखडे होते, मांजरानं नखं ओढल्यासारखे.

"भाई, गाडीत डिझेल कुठलं भरता?"

"पोरं भरतात," अब्बा म्हणाले.

"पातळ काहीतरी जातंय बघा. प्लंजर कोरडा चाललाय. गार असतं तोवर जमतं, गरम झालं की आणखी पातळ होतं, फटीतून मागं पळतं आणि दाबच धरत नाही." मग त्यांनी पंपातलं उरलेलं डिझेल तळहातावर घेतलं आणि नाकाशी नेलं. "रॉकेल आहे."

अब्बा आमच्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "सच बोलो."

आम्ही बोललो. आठ महिन्यांपासून हायवेच्या कडेच्या एका शेडमधून आम्ही टाकी भरत होतो. पंपापेक्षा लिटरमागे चार रुपये स्वस्त. त्यात काय आहे हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं नाही, कारण वासावरून माहीत होतं. वाचलेले पैसे स्वतःवर उडवले नव्हते. आम्ही ते हजच्या डब्यात टाकत होतो. अब्बांना वाटत होतं, पोरं फेऱ्या वाढवतायत.

आम्हाला वाटलं, हे ऐकून ते थोडे विरघळतील. पण त्यांचा चेहरा तेव्हाच उतरला. हजला जाणाऱ्यानं आधी कर्ज फेडावं, कुणाचं देणं ठेवू नये, पैसा हलालचा असावा, हे त्यांनीच आम्हाला लहानपणी शिकवलं होतं.

सहाही एलिमेंट बदलावे लागले. वरचे व्हॉल्व्ह, नोझल, मजुरी मिळून आठ महिन्यांत वाचवलेल्याहून जास्त पैसे गेले. पंप मायकोचा, मूळचा बंगळूरच्याच कंपनीचा. त्यात खोट नव्हती, ती आम्ही भरली होती. दुरुस्तीनंतर मिस्त्रींनी पुन्हा मशीन चालू केलं. सहाही नळ्या एका रेषेत भरल्या. अब्बा बराच वेळ त्या नळ्यांकडे बघत बसले.

परतताना लोकलमध्ये ते एकच वाक्य बोलले : "या महिन्याचं रॉकेल आणायला तुम्ही जायचं. तुमची अम्मी नाही."

आमच्या घरी तेव्हा गॅस होता, पण एकच सिलिंडर. तो संपला की दुसरा येईपर्यंत वातीचा स्टोव्ह. अंघोळीचं पाणीही त्यावरच. रेशनचं रॉकेल निळं असे. ते ओळखू यावं, दुसरीकडे जाऊ नये म्हणून सरकारच त्यात रंग घालायचं. पण त्याचा दर डिझेलच्या निम्म्याहूनही कमी, आणि रंगापेक्षा त्या फरकाची ताकद मोठी. अम्मी दर महिन्याला पाच लिटरचा कॅन घेऊन त्या रांगेत उभी राहायची आणि कितीदा तरी तशीच परत यायची. "रॉकेल नाही आलं," एवढंच म्हणायची आणि चुलीला लाकडं लावायची.

आम्ही दोघं गेलो. रांगेत सगळ्या बायकाच. ऊन चढलं. दोन तासांनी दुकानदारानं पाटी लावली : रॉकेल संपले. आमच्या पुढं आमच्याच आळीतल्या एक म्हाताऱ्या आजी होत्या. रिकामा कॅन उचलत त्या म्हणाल्या, "काय रं पोरांनो, एवढं टँकरनं येतं, जातं कुठं?"

आम्हाला माहीत होतं कुठं जातं. आम्ही खाली बघत उभे राहिलो.

बंगळूरची फेरी दोन दिवस उशिरा झाली. भाड्यातून पैसे कापले गेले. गाडी खंबाटकी न थांबता चढली, पण केबिनमध्ये कुणी गाणी लावली नाहीत. परत आल्यावर धाकट्यानं वही उघडून आठ महिन्यांचा हिशोब काढला. तेवढे पैसे अब्बांनी डब्यातून बाहेर काढले. कुणाला दिले ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यानंतर दोन-तीन घरांत स्टोव्हऐवजी गॅसची शेगडी आली एवढं आम्ही पाहिलं. त्या वर्षी हजचा अर्ज भरला गेला नाही.

अब्बा 2006 च्या जानेवारीतल्या हजला गेले. निघण्याआधी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे घरोघरी जाऊन त्यांनी सगळ्यांची माफी मागितली. आम्हाला बरोबर घेतलं होतं. आजींच्या दारात ते म्हणाले, "काही चुकलं असेल तर माफ करा." मग थोडे बाजूला झाले आणि आमच्याकडे बघितलं. आजी म्हणाल्या, "तुमचं काय चुकायचं रं बाबांनो?" तोंडाशी आलेलं आम्ही गिळलं. अब्बा काही न बोलता पुढच्या घराकडे वळले.

25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलात भेसळ करणाऱ्यांनी भरदिवसा जिवंत जाळलं. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा अब्बांनी उठून टीव्ही बंद केला. आम्ही घरातच होतो. मारणारे कुठलेही असोत, त्या धंद्याचं गिऱ्हाईक कोण होतं, हे आम्हाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. चार रुपये वाचवणारे आमच्यासारखे हजारो असल्याशिवाय असे अड्डे चालत नाहीत.

आता आमच्याकडे नवी गाडी आहे. तिचा पंप आम्हाला उघडता येत नाही, बिघाड कॉम्प्युटर लावून शोधतात. रेशनच्या रॉकेलची ती रांगही आमच्या आळीत राहिली नाही. अब्बा गेले, आजीही गेल्या. त्या दारात जे बोलायचं होतं ते ऐकायला आता कुणी नाही. म्हणून ते इथं लिहितो : आजी, तुमच्या वाट्याचं रॉकेल आमच्या टाकीत होतं.