पानओवा

कुंडींतल्या उपयुक्त झाडांची गोष्ट निघाली म्हणजे तुळशीच्या मागोमाग पानओव्याचें नांव येतेंच. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील सज्ज्यांच्या कठड्यांवरून त्याच्या लवदार, जाड पानांच्या डहाळ्या लोंबत असलेल्या वाचकांनीं पाहिल्या असतील. मुलांचा खोकला आणि पावसाळ्यांतील भजी या दोन प्रसंगीं त्याची आठवण होते. एरवीं त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं.

संस्कृतांत यास पर्णयवानी म्हणतात. यवानी म्हणजे ओवा. वैयाकरण हा शब्द ‘वाईट यव’ अशा अर्थीं साधतात. आमच्या माजघरांत मात्र त्यास कोणी वाईट म्हटलेलें आम्हीं ऐकलें नाहीं. वस्तुतः ओवा कोथिंबिरीच्या कुळांतला, तर पानओवा तुळशीच्या. त्याची चौकोनी दांडी हीच त्या कुळाची खूण. वास जुळतो तो थायमॉल व कार्व्हाक्रोल या द्रव्यांमुळें. पानावरील लवेंत सूक्ष्म तैलग्रंथि असतात, म्हणून पान चुरगळतांच घमघमाट सुटतो. लोरेइरो नामक पोर्तुगीज मिशनऱ्यानें १७९० मध्यें याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें व अंबॉयना बेटावरून यास नांव दिलें.

याच्या जोपासनेंत मुख्य पथ्य पाण्याचें. पान मांसल असल्यामुळें त्यांतच पाण्याचा सांठा असतो. वरची दोन बोटें माती सुकल्यावांचून पाणी घालूं नये. कुंडीस भोंक असावें, मातींत वाळू मिसळावी, ऊन सकाळचें मिळावें. आपल्याकडील आषाढश्रावणांत कुंडी आडोशास घ्यावी, कारण लवेंत पाणी अडून पानें कुजतात. शेंडे खुडीत गेल्यास बगलेंतून फुटवे येऊन झाड भरतें.

कल्याणास पारनाक्याजवळच्या आमच्या वाड्यांत वडील वहिनींनीं लावलेला पानओवा होता. वाडा पाडून तेथें इमारत व्हावयाची ठरली, तेव्हां तांब्यापितळेचीं भांडीं मोजून वांटलीं गेलीं, देव्हाऱ्यावरूनहि बोलाचाली झाली. या कुंडीवर मात्र कोणी हक्क सांगितला नाहीं. वहिनींनीं एक डहाळी आमच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडीं व एक धाकट्या भावाच्या नौपाड्यांतील घरीं दिली. मूळ कुंडी कल्याणास दादांकडेच राहिली. पुढें वहिनी निवर्तल्या. त्यांची आठवण म्हणून दादांच्या घरीं त्या झाडास सकाळसंध्याकाळ पाणी मिळूं लागलें, आणि एका पावसाळ्यांत तें बुडापासून कुजलें. दादा कोणाजवळ कांहीं बोलले नाहींत. वांटणीपासून नौपाड्यास त्यांचें जाणेंयेणें तुटलें होतें. आमच्या घरून ही गोष्ट धाकट्या भावजयीच्या कानीं गेली, तेव्हां ती ओल्या फडक्यांत चार डहाळ्या गुंडाळून लोकलनें कल्याणास गेली. दादांनीं एवढेंच विचारलें, “हें तिचेंच झाड ना?” ती म्हणाली, “होय दादा, तेंच.”

हें उत्तर सांत्वनापुरतें नव्हतें. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेंहि तें खरें आहे. बियांपासून उगवलेलें रोप हें अपत्य; डहाळीपासून वाढलेलें झाड म्हणजे तेंच झाड. पानओव्याचें खोड दोनतीन वर्षांत निबर होतें, खालचीं पानें गळतात. मग चार बोटें लांबीची डहाळी खुडून, तिचीं खालचीं पानें काढून ओलसर मातींत खोंवावी. दोनतीन आठवड्यांत ती मूळ धरते. हाच या झाडाचा जीर्णोद्धार. ज्यानें तें एकट्यानें जपलें त्याचें तें एखाद्या पावसाळ्यांत जावयाचेंच. ज्यानें वांटलें त्यास तें कोठून तरी परत मिळूं शकतें.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं पानओवा असेल त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं दोन डहाळ्या अवश्य खुडाव्या. एक आपल्याच घरीं लावावी, आणि दुसरी अशा घरीं पोंचवावी, जेथें जाणें बरेच दिवस राहून गेलें आहे.