अख्खं दुकान घरी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. गोष्ट २०१८ सालची आहे, आता सांगायला हरकत नाही. तिच्यात मी काही फार शहाण्यासारखा वागलेलो नाही, म्हणूनच मध्ये एवढी वर्षं गेली असावीत!

तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत होतो. शेतीपंप आणि त्यांचे सुटे भाग. ऑर्डरी एसक्यूएल सर्व्हरमध्ये, आणि माल कुठल्या डेपोत आहे, निघाला की नाही, याच्या नोंदी ओरॅकलमध्ये. (दोन डेटाबेस कशाला? एका कंपनीने दुसरी विकत घेतली की लग्नानंतर दोन्ही घरचे मिक्सर एकाच ओट्यावर येतात, तसं ते झालं होतं.) रोज पहाटे पाचला एक क्वेरी दोन्हीकडची टेबलं जोडून त्या दिवशीची डिस्पॅच लिस्ट काढायची. ती लिस्ट चाकणच्या गोडाऊनमध्ये छापली जायची आणि मगच गाड्या भरायला सुरुवात.

क्वेरी मीच लिहिलेली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लिंक्ड सर्व्हर नावाची सोय आहे. टेबलाच्या नावाआधी दूरच्या सर्व्हरचं नाव लिहायचं की झालं, जणू ते टेबल आपल्याच घरात आहे. सुरुवातीला तीन-चार मिनिटं लागायची. दोन वर्षांत ती अडतीस झाली. गोडाऊनमधून फोन आला की आमचं ठरलेलं उत्तर, "नेटवर्क स्लो आहे." एकदा तर लाइन वाढवून द्या म्हणून मी रीतसर मेलही टाकला होता.

मग एका कामासाठी पहाटे चाकणला जावं लागलं. सव्वापाच वाजलेले. सात-आठ ड्रायव्हर गाड्यांच्या सावलीत, म्हणजे दिव्याच्या सावलीत, बसलेले. गोडाऊनचे सुपरवायझर, ज्यांना सगळेच मामा म्हणायचे, ते प्रिंटरजवळ उभे. मला म्हणाले, "साहेब, ते नेटवर्क आज तरी येणारे का?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की नेटवर्क म्हणून कोणीतरी रोज उशिरा येतं.

त्याच दिवशी एक्झिक्युशन प्लॅन उघडून बसलो. त्यात 'रिमोट क्वेरी' नावाचा एक डबा असतो. त्यावर माउस नेला की ओरॅकलला नेमकं काय विचारलं गेलं ते दिसतं. तिथे वेअर क्लॉजच नव्हता! चाकण डेपोचा, न निघालेला माल हवा, असं मी लिहिलं होतं. ओरॅकलला मात्र निरोप गेला होता, 'सगळं दे.' बासष्ट लाख ओळी यायच्या आणि गाळणं इथे व्हायचं. एक ओळ सुमारे २०० बाइट धरली तर सव्वा जीबी. आमची लाइन १० एमबीपीएसची, म्हणजे नुसत्या वाहतुकीलाच सोळा-सतरा मिनिटं. रवा पाव किलो हवा असेल तर वाण्याला यादी देतात हो, अख्खं दुकान घरी आणून त्यात रवा शोधत नाहीत.

असं का होतं? माझ्या अटी सगळ्या अक्षरी कॉलमांवर होत्या. डेपोचा कोड, स्टेटस, ऑर्डर नंबरसुद्धा. दोन डेटाबेस अक्षरांची तुलना एकाच नियमाने करतात याची खात्री एसक्यूएल सर्व्हरला नसते, म्हणून तो ती तुलना दुसऱ्यावर सोपवत नाही, माल इथे आणून स्वतः करतो. लिंक्ड सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'कोलेशन कम्पॅटिबल' असा एक पर्याय आहे. तो ट्रू केला की तो म्हणतो, बरं, तुम्ही हमी देताय तर विश्वास ठेवतो.

मी हमी दिली. डीबीए सुट्टीवर होता, माझ्याकडे राइट्स होते. टेस्टवर चालवून पाहिलं, दोन मिनिटं! लगेच प्रॉडक्शनला लावलं. मामांचा फोन आला, खूष होते. मीही टीमला समोसे दिले.

तीन दिवसांनी संगमनेरच्या एका डीलरचा फोन आला. मे महिना, पंप बंद, शेतकरी दुकानात येऊन बसलेले, आणि सुटे भाग आमच्या गोडाऊनमध्ये पडून. लिस्टमध्ये ती ऑर्डर नव्हतीच. शोधलं तर अशा सात निघाल्या. ओरॅकलमध्ये कोणीतरी डेपोचा कोड कॅपिटलऐवजी स्मॉल अक्षरांत टाकला होता. आमच्या एसक्यूएल सर्व्हरच्या लेखी दोन्ही एकच, ओरॅकलच्या लेखी वेगळे. म्हणजे माझी हमी खोटी होती. टेस्टच्या डेटात सगळे कोड कॅपिटल, तिथे हे दिसणार कुठून?

माझ्या लक्षात येईपर्यंत मेमो निघाला होता. माल का पाठवला नाही म्हणून, मामांच्या नावाने. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या माणसाच्या फाइलीत.

सेटिंग मागे फिरवायला एक मिनिट लागलं. मेल लिहायला दोन तास. पहिल्या मसुद्यात 'डेटा क्वालिटी इश्यू' असा शब्द होता... खोटा नव्हता, पण सोयीचा होता. शेवटी सरळ लिहिलं की सेटिंग मी बदललं, विचारता बदललं, आणि लिस्टमध्ये जे नव्हतं ते पाठवणं मामांना शक्यच नव्हतं. मेमो मागे घेतला गेला. मला वर्षअखेरीला जे ऐकायचं ते ऐकावं लागलं, असो.

मग क्वेरी नीट लिहिली. आधी आपल्याकडच्या त्या दिवशीच्या ऑर्डरी काढायच्या, चारेकशे असतात. त्यांचे नंबर ओपनक्वेरीतून ओरॅकलला पाठवायचे आणि फक्त त्यांच्याच ओळी मागायच्या. नंबरांत नुसते आकडे, त्यामुळे कॅपिटल-स्मॉलची भानगड नाही, आणि तिकडे त्या कॉलमवर इंडेक्स होताच. आलेल्या ओळी टेम्प टेबलात, आणि डेपो-स्टेटसची अट इथेच, जुन्याच नियमाने. ओपनक्वेरीत व्हेरिएबल चालत नाही, मजकूर जोडून तयार करावा लागतो, आणि तोही आठ केबीच्या आत. शिवाय ओरॅकलच्या तेव्हाच्या आवृत्त्यांत एका इन-लिस्टमध्ये हजाराच्या वर नग चालत नसत. म्हणून तीनशे-तीनशेचे गट केले. दिसायला क्वेरी अगदीच गावठी झाली. वेळ नऊ सेकंद.

मला वाटलं, काय डोकं लावलंय! नंतर कळलं, याला सेमी-जॉइन म्हणतात, आणि अमेरिकेत एसडीडी-१ नावाच्या वितरित डेटाबेसवर काम करणाऱ्या फिलिप बर्नस्टीन आणि मंडळींनी १९८१ मध्येच त्यावर पेपर लिहिलाय. पोस्टग्रेसवाल्यांनी यातलं काही कष्ट वाचवलंय. त्यांचा पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू ९.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, जॉइन पलीकडे ढकलू शकतो. पण दोन्ही टेबलं पलीकडच्या एकाच सर्व्हरवर असतील तरच. एक इथे, एक तिथे असेल तर यादी कोणी कोणाला पाठवायची हे अजूनही प्लॅन उघडून बघावंच लागतं.

पुढे एकदा पहाटे चाकणला गेलो होतो. पाच वाजून एक मिनिटाने लिस्ट छापून झालेली. मामा ती घेऊन रॅकपाशी उभे, हातात लाल पेन, आणि लिस्टमध्ये नसलेली खोकी मोजत होते.