गिलावा होण्याआधी

दोन महिने घराचं काम चालू आहे, म्हणून इकडं फिरकलो नाही. आज लिहितोय तेही घराबद्दलच, पण शेवटी रस्त्यावर येणार आहे. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचं घर आजोबांच्या वेळचं. दगडाच्या दीड फुटी भिंती. राउटर पुढच्या खोलीत आणि आईची खोली सगळ्यात मागं. तिथं मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ. हिवाळ्यात आई रात्री उठली, बोळात बटण चाचपडताना पडली आणि मनगट मोडलं. तेव्हाच ठरवलं, सगळं वायरिंग नवीन करायचं.

लगेच पुण्याहून धाकट्याचा फोन. "दादा, भिंती फोडतोच आहेस तर सगळं स्मार्ट कर. सेन्सर, कॅमेरे, मोबाइलवर दिवे." इकडं वायरमन म्हणतो, "साहेब, आता सगळं वायफायवर चालतंय. केबलसाठी झिऱ्या कशाला मारायच्या?"

त्याचं अर्धं खरं आहे. बटणं, सेन्सर बिनतारी चालतात. पण वायफाय आधी भिंतीतून पलीकडं जायला पाहिजे ना! जाड दगडापुढं ते दमतं, आणि 5 गिगाहर्ट्झचं वेगवान वायफाय तर आधी दमतं. मागच्या खोलीत चांगलं वायफाय हवं तर तिथं वेगळा पॉइंट लावायचा आणि त्या पॉइंटपर्यंत केबल न्यायची. मी एकच नियम धरला. टीव्ही, कॅमेरा, वायफायचा पॉइंट अशा जागचं न हलणाऱ्या वस्तूला केबल, हातात फिरणाऱ्याला वायफाय.

मग वहीत घराचा नकाशा काढला. सात जागा निघाल्या. जिन्याखाली इन्व्हर्टरशेजारच्या कोनाड्यात सगळ्यांचं मूळ ठेवलं. प्रत्येक जागेची केबल थेट तिथंच येणार, या खोलीतून त्या खोलीत जोडत न्यायची नाही. केबल कॅट 6. आत आठ तारा, चार पिळदार जोड्या, 100 मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग. घेताना एक बघा. बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही मिळते. तार ब्लेडनं खरवडायची, आतून पांढरी निघाली तर परत करायची. याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही देता येते, फक्त तशी सोय असलेला कॅमेरा आणि स्विच घ्यावा लागतो. मूळ इन्व्हर्टरवर असलं की लाइट गेली तरी चालू राहतं.

विजेच्या आणि डेटाच्या वायरी एका पाइपात घालू नका. दोन पाइपांत वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. आणि प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल येऊ द्या. बऱ्याच स्मार्ट स्विचना तो लागतो, आणि जुन्या घरांत काही बोर्डांत तो नसतोच.

पण सगळ्यात मोलाची गोष्ट सगळ्यात स्वस्त निघाली. रिकामा पाइप. आज केबल ओढायची नसेल तरी पाइप टाकून आत एक तार सोडून ठेवायची. उद्या वेगळी केबल आली तर भिंत फोडायला नको. पाइप, केबल, सॉकेट मिळून साधारण बारा हजार लागले, मजुरी वेगळी.

आईला नकाशा दाखवला. तिनं चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाली, "माझ्या खोलीत कॅमेरा नको. मी काय चोर आहे?" धाकटा फोनवर हिरमुसला, पण तिचं बरोबर होतं. कॅमेरे दोनच, पुढच्या आणि मागच्या दारावर. बोळात पावलागणिक लागणारा साधा सेन्सरचा दिवा. त्याला ना इंटरनेट, ना ॲप. ज्याच्यावर आईची हाडं अवलंबून आहेत, ते नेट गेल्यावर बंद पडून चालणार नाही. पलंगाशेजारी बटण आणि माझ्या खोलीत बेल, तीही तारेची.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढले. उद्या खिळा ठोकताना पाइप कुठं आहे ते कळेल.

फोटो काढून बाहेर आलो तर दारात खोदकाम. दोन वर्षांपूर्वी काँक्रीट झालेला आमचा रस्ता. गेल्या वर्षी फायबरसाठी कापला, आता पाण्याच्या लाइनसाठी. खोदताना फायबर तुटली आणि तीन दिवस नेट बंद. सेतू केंद्राबाहेर फॉर्म भरायला आलेली पोरं ताटकळत उभी. खोदणाऱ्याला विचारलं, खाली काय आहे माहीत होतं का? म्हणाला, "आमच्याकडं नकाशा कुठंय?" पूर्वी एक व्हॉल्व्हमन होते, त्यांना सगळं तोंडपाठ होतं. ते निवृत्त झाले, नकाशाही त्यांच्याबरोबर गेला.

रस्ते खोदल्याच्या बातम्या मी वीस वर्षं लिहितोय. दरवेळी खोदणाऱ्यालाच झोडपलं. काँक्रीट ओतण्याआधी रिकामे पाइप का टाकले नाहीत, हे एकदाही विचारलं नाही. माझ्या घरात बारा हजारांत जे मला सुचलं, ते लाखोंच्या अंदाजपत्रकात का सुचत नाही? 2023 च्या दूरसंचार कायद्यात सामाईक डक्टची तरतूद आहे. खोदण्याआधी खालच्या लाइनवाल्यांना कळवण्यासाठी केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च 2023 पासून आहे.

तेव्हा एक विनंती. तुमच्या गल्लीत रस्त्याचं काम निघालं की नारळ फुटायच्या आधी अंदाजपत्रक मागा, माहितीच्या अधिकारात मिळतं. त्यात तीन गोष्टी शोधा: रस्त्याच्या कडेनं रिकामे डक्ट, ठरावीक अंतरावर आडवे पाइप, आणि खाली काय टाकलं त्याचा नकाशा. नसतील तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोचेचा फोटो मला पाठवा, बातमी मी करतो.

आमच्या घराचा गिलावा उद्या सकाळी आठला सुरू होतोय. आईच्या खोलीत एक पाइप रिकामाच सोडलाय. त्यात काय घालायचं ते ती ठरवेल.