इतर हक्क

आमच्या घरातला सर्वांत कमी बोलणारा म्हातारा पत्र्याच्या पेटीत राहतो, जुन्या लग्नपत्रिका आणि खताच्या पावत्यांखाली. हा सातबारा. तलाठ्याच्या हातचा, घड्यांवर विरलेला. कर्जतच्या माळावरल्या आमच्या रानाचं याला सगळं ठाऊक. पण विचारल्याशिवाय सांगायचा नाही, आणि विचारलं तरी एका शब्दात.

१९७२ साली काय झालं? तर म्हणे ‘पड’. आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, सुकडीवर दिवस काढले, आजोबांनी कोरड्या विहिरीचा तळ आणखी खाली नेला, यातलं अक्षर नाही. ‘विहीर १’ एवढं लिहून ठेवलंय. किती हात खोल, ते नाही.

नावांच्या बाबतीत तर फारच रोखठोक. पणजोबांमागं आजोबांचं नाव लागलं, पुढं ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. जन्मात खुर्चीवर न बसलेले मॅनेजर! ते गेले तेव्हा नावाभोवती कंस पडला. माणूस देवाघरी जातो, सातबाऱ्यावर कंसात जातो.

१९९० मध्ये सरकारनं फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली आणि वडिलांनी कागदी लिंबू लावलं. सहा बाय सहा मीटरवर खड्डे, हेक्टरी २७७ झाडं. माळ कसला म्हणाल, तर रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य आमच्याच तालुक्यात आहे, त्यावरून ओळखा: गवत, मुरूम आणि ऊन. भीमेच्या अंगाला, सिद्धटेककडं, उजनीच्या फुगवट्यावर ऊस हलतो. आमच्याकडं कुकडीचं आवर्तन आलं तर आलं. लिंबू हाती लागायला चार-पाच वर्षं, तोवर झाडांमधल्या पट्ट्यात मटकी. लिंबाचा खरा पैसा उन्हाळ्यात. त्यासाठी हस्त बहार धरायचा, म्हणजे ऐन पावसाळ्यात झाडाला ताण बसायला हवा. आभाळ भरून आलं की सगळं गाव हात जोडायचं आणि वडील तोंड फिरवून बसायचे.

या सगळ्याला म्हाताऱ्याचा शब्द एकच: ‘लिंबू’. सोसायटीचं कर्ज मात्र त्यानं रुपयासकट लिहून घेतलं, ‘इतर हक्कां’च्या रकान्यात. २०१२-१३ च्या दुष्काळात विकतच्या टँकरवर निम्मी बाग जगवली. निम्मी सरपणाला गेली, तरी कागदावर कितीतरी दिवस ती हिरवीच होती. आता ई-पीक पाहणी आली. भाऊ बागेत उभा राहून मोबाइलवर फोटो काढतो आणि रेंजसाठी हात वर धरून बांधाबांधानं फिरतो.

आजोबांनंतर तिन्ही आत्यांची नावं वारस म्हणून लागली होती. थोडे दिवस नांदली. मग हक्कसोड झालं आणि त्याही कंसात गेल्या. तिघी अगदी ठणठणीत.

एप्रिलमध्ये त्या येतात. थोरली पदर खोचून, काटे चुकवत स्वतः झाडाखाली वाकते, पिशवी भरली की दुसरी मागते. वडील काही बोलत नाहीत, आकडीनं फांदी खाली ओढून धरतात.

“पिवळी बघून दे रे,” आत्या म्हणते, “हिरव्याचं लोणचं कडू होतं.”